पीस सुरू व्हायला दोन ठोके उरलेत, बोट कुठे जाणार? टचस्क्रीन की बटण

पांढरीएक
दुकानात कीबोर्ड बघायला गेलं की हल्ली आधी पडदा दाखवतात. पण स्टेजवर साथ करणाऱ्यासाठी टोन (कीबोर्डमधला वाद्याचा आवाज) बदलण्याचं काम टचस्क्रीनवर टाकणं चूक आहे, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब मांडतो. लय १२०. बासरीचा पीस (गाण्यामधला वाद्याचा तुकडा) संपून सतारीचा सुरू व्हायला मध्ये दोन ठोके, म्हणजे बरोबर एक सेकंद. तेवढ्यात उजव्या हातानं बासरीचा शेवटचा सूर सोडून सतारीच्या पहिल्या सुरावर यायचं आणि मधेच टोन बदलायचा. बटण असेल तर हे डावा हात न बघता करतो, कारण बटणाला कड असते, शेजारच्या दोघांत फट असते आणि दाबलं गेल्याचं बोटाला कळतं. काचेवर यातलं काहीच नाही. ७ इंची पडद्यावर १६ चौकटी मांडल्या की एकेक चौकट जेमतेम साडेतीन सेंटीमीटर रुंद आणि पावणेदोन सेंटीमीटर उंच होते. तिथे डोळे न्यावेच लागतात, आणि नेमका तेव्हाच गायक हातानं 'परत मुखडा' सांगत असतो.

उदाहरणं समोर आहेत. यामाहाच्या एस९७५ कीबोर्डला पडद्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच, ए ते जे अशी बटणं होती. २०१९ मध्ये एसएक्स९०० आला आणि ती गेली. कॉर्गच्या क्रोनोस कीबोर्डवर बँकची (टोनच्या गटांची) बटणं आणि आकड्यांचं कीपॅड होतं, नंतरच्या नॉटिलसमध्ये दोन्ही पडद्यावर गेली.

साथसंगत
पांढरीएक, उदाहरण अर्धंच दिलंत. एसएक्स९०० वर रजिस्ट्रेशनची (टोन आणि सेटिंग साठवून एका दाबात परत आणणारी) आठ बटणं जशीच्या तशी आहेत. वर ए ते एफ अशी सहा असाइनेबल बटणंही आहेत, त्यांना हवं ते काम देता येतं. तुमचा बासरी-सतार बदल रजिस्ट्रेशन १ आणि २ वर ठेवला की पडद्याला हात लावायचा प्रश्नच नाही. गेलेली ए ते जे बटणं टोन लक्षात ठेवणारी नव्हतीच. पडद्यावर जे दिसेल ते निवडणारी होती, म्हणजे तेव्हाही बघावंच लागायचं.

आणि ऑर्केस्ट्रात क्रम कुठे पाळला जातो? निवेदक ऐन वेळी तिसरं गाणं सोडून अकरावं जाहीर करतो. जुन्या मॉडेलवर नावानं शोधायचं तर एका बटणावर तीन-चार अक्षरं, जुन्या मोबाइलसारखी. आता प्लेलिस्टमध्ये गाण्याच्या नावावर बोट ठेवलं की त्याची अख्खी बँक, म्हणजे आठ रजिस्ट्रेशनचा संच, उघडते. निवेदक बोलत असतो तेवढ्या वेळात हे सहज होतं.

पांढरीएक
गाणं निवडायला पडदा चांगला, हे मान्य. निवेदन चालू असताना वेळ असतो. माझा आक्षेप गाणं चालू असतानाच्या बदलाला आहे. एका गाण्याला आठ बटणं पुरतात, पण बारा गाण्यांच्या मेडलेला (सलग जोडून वाजवलेल्या गाण्यांना) नाही पुरत. मधेच बँक बदलायची वेळ आली की लोक पडद्यावर जातात आणि तिथेच घोळ होतो. बँक प्लस-मायनसची बटणं शेजारीच आहेत, ती वापरायची सवय लावा. बँकांची नावं ०१, ०२ अशी आकड्यांनी सुरू करा म्हणजे यादीत क्रमानं लागतील. नुसतं १ आणि १० लिहिलंत तर क्रम बिघडतो.

सोल्डरवाला
बटणांचं एवढं कौतुक चाललंय म्हणून दुरुस्तीच्या टेबलावरची बाजू सांगतो. बटण हा हलणारा भाग, तो झिजतोच. रबरी पट्टीखाली कार्बनचा ठिपका असतो, तो खालच्या बोर्डावरच्या संपर्कांवर टेकला की संपर्क होतो. कोकणातली दमट हवा, मैदानातली धूळ आत गेली की तीनदा दाबावं तेव्हा एकदा लागतं. किंवा बटण एकदा दाबलं तरी दोनदा घेतं, मग ३ नंतर थेट ५. डायलचा एन्कोडर (फिरवणं मोजणारा भाग) मळला की पुढे फिरवताना मागे उडी मारतो.

उपाय: वीज काढा, खालचे स्क्रू लांबीनुसार वेगळे ठेवा, रिबन केबल कुठून कुठे जाते त्याचा फोटो काढा. रबरी पट्टी उचलून बोर्डावरचे संपर्क ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, कापसाच्या काडीनं पुसा. कार्बनचा ठिपका हलकाच पुसायचा. पॉलिशपेपर किंवा खोडरबर घासला की थर जातो आणि पट्टीच बदलावी लागते. तेलकट स्प्रे मारू नका, रबर फुगतं. टॅक्ट स्विच (बोर्डावर सोल्डर केलेलं छोटं बटण) असेल तर तो डिसोल्डर करून नवा लावायचा. बहुतेक ६ बाय ६ मिलिमीटरचे असतात, पण दांड्याची उंची मोजूनच आणा.

पांढरीएक
सोल्डरवाला, याच माहितीवरून मी उलट निष्कर्ष काढेन. एक बटण गेलं तर एक काम जातं, उरलेल्या सातांवर कार्यक्रम निभतो आणि दुरुस्तीला किरकोळ किमतीचा भाग लागतो. टच गेला तर अख्खा मेनू हातातून जातो.

सोल्डरवाला
तेही खरं. फक्त सगळे टच पडदे एका माळेचे मणी समजू नका. रेझिस्टिव्ह पडद्याला दाब लागतो. त्यात दोन थर एकमेकांना टेकतात, म्हणून घामानं त्याचं बिघडत नाही, नखानंही चालतो. मात्र वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात दाबलं की तो सरकतो, शेजारचीच चौकट उघडते. तेव्हा सेटिंगमधलं कॅलिब्रेशन करा. कपॅसिटिव्ह पडदा बोटाच्या विद्युतभारावर चालतो. घामाचा थेंब पडला की तो न लावलेला हातही 'लावला' समजतो.

खर्जातला
मे महिन्यात विदर्भात कार्यक्रम असेल तर कीबोर्डवर टॅबलेट ठेवून टोन बदलण्याच्या भरवशावर राहू नका. अ‍ॅपलनं आयपॅड वापरायला ३५ अंशांपर्यंतचीच हवा सांगितली आहे. त्यापुढे तो पडदा मंद करतो, तापमानाची सूचना दाखवतो आणि काम थांबवतो. चार वाजता साउंड चेक, वर हॅलोजन, मग काय होणार?

साथसंगत
म्हणूनच पायाचा स्विच! यात हातही मोकळे, डोळेही मोकळे. एसएक्स९०० वर मेनूतून रजिस्ट सीक्वेन्स उघडा, १-२-१-३-२ असा क्रम लावा, पुढे जायला पेडल नेमून द्या आणि शेवट आल्यावर थांबायचं, पहिल्यावर जायचं की पुढची बँक उघडायची ते ठरवा. आणि बँक पुन्हा सेव्ह करा. हे विसरलात की वीज गेली, क्रम गेला.

पांढरीएक
क्रम मोडला की पेडल अडचणीत आणतं. 'वन्स मोअर' आला, गायक थेट दुसऱ्या अंतऱ्यावर गेला, तर तुम्ही चौथ्या पायरीवर आणि गाणं दुसऱ्यावर. तेव्हा बटण २ वर थेट जाता येतं. दोन्ही ठेवा, पण बटणाशिवाय पेडल नको.

खर्जातला
सगळ्यात जास्त फजिती होते ती पट्टीची, म्हणजे गायकाच्या सुराची. गायिका म्हणाली काळी चारऐवजी काळी तीन, तुम्ही ट्रान्स्पोज (अख्ख्या कीबोर्डची पट्टी वर-खाली करणारं सेटिंग) दोननं खाली घेतला. पीस आला, रजिस्ट्रेशन २ दाबलं आणि ट्रान्स्पोज परत जुन्या जागी, कारण रजिस्ट्रेशनमध्ये तोही साठवलेला असतो. गायिका एका पट्टीत, सतार दुसऱ्या. इथे पडदा की बटण हा वादच नाही. मेनूत रजिस्ट फ्रीझमध्ये (रजिस्ट्रेशन बदललं तरी काय बदलू नये त्याची यादी) ट्रान्स्पोजवर खूण करा आणि फ्रीझ चालू ठेवा. किंवा साठवतानाच मेमरीच्या यादीतून ट्रान्स्पोजची खूण काढा.

साथसंगत
लयीचीही खूण काढा त्यासोबत. ढोलकी प्रत्यक्ष वाजत असेल तर स्टाइलची (कीबोर्डमधल्या तयार ठेक्याची) लय मधेच बदलून चालत नाही.

पांढरीएक
काढली. पण ट्रान्स्पोज प्लस-मायनसची दोन बटणं कुठल्याही नव्या मॉडेलमधून जाता कामा नयेत. ती एकत्र दाबली की शून्यावर येतं. अंधारात, गाणं चालू असताना पट्टी मूळ जागी आणायला मला याहून भरवशाचं काही माहीत नाही.