मदत हवी आहे: खिशात मावेल असा, पूर्ण मॅन्युअल कॅमेरा कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

माझा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) वजनामुळे हल्ली कपाटातच असतो. परवा आजी खिडकीपाशी सुईत दोरा ओवत होती. उजेड मागून, चेहरा अर्धा अंधारात. फोन काढला, तर त्याने सगळी सावली उजळून सपाट करून टाकली. मला नेमकी ती सावलीच हवी होती. तेव्हापासून ठरवलंय, सतत जवळ बाळगता येईल असा छोटा कॅमेरा घ्यायचाच. शटर स्पीड (उजेड किती वेळ आत येतो), अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडतं), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आणि फोकस हे चारही माझ्या हातात हवेत. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) तर हवीच.

सध्या तीन नावं डोक्यात आहेत. सोनी आरएक्स१०० मार्क ७ मध्ये २४ ते २०० मिमी झूम आणि व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आहे, पण अ‍ॅपर्चर एफ/२.८ पासून सुरू होतं (आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड). कॅनन जी७ एक्स मार्क ३ मध्ये ते एफ/१.८, मात्र व्ह्यूफाइंडर नाही. दोघांचा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) एक इंची. रिको जीआर ३ चा एपीएस-सी (बऱ्याच डीएसएलआरमध्ये असतो त्या आकाराचा) सेन्सर क्षेत्रफळाने त्याच्या तिप्पट, वजन २५७ ग्रॅम. झूम नाही, २८ मिमीची, रुंद दृश्य टिपणारी एकच लेन्स. मन तिकडेच ओढतंय, खरं सांगायचं तर.

ज्यांनी हे वापरलेत त्यांना विचारायचंय: मेनूत न शिरता, एका हाताने शटर आणि अ‍ॅपर्चर दोन्ही पटकन बदलता येतात का? कडक उन्हात नुसत्या स्क्रीनवर एक्स्पोजरचा (फोटो किती उजळ येईल याचा) अंदाज येतो का? आणि रोज खिशात ठेवून रिकोच्या सेन्सरवर धूळ बसल्याचा अनुभव कुणाला आहे का?