वारा आधी, स्प्रे नंतर
वर एकाने लिहिलंय की धनुष्यबाणाने हरणाची शिकार करताना सेंट किलर स्प्रे (अंगाचा वास मारणारा फवारा) मारला की वारा कुठूनही असला तरी चालतं, हे मला अजिबात पटत नाही. बिनवासाचा साबण, बेकिंग सोड्यात धुतलेले कपडे, रबरी बूट हे सगळं कराच, पण पायी फिरताना घाम येतो, श्वास चालूच असतो आणि व्हाइटटेल हरणाचं नाक इतकं तिखट की तुमच्यावरून गेलेला वारा त्याच्याकडे पोचला की संपलं. इथे पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात तर थर्मल्स, म्हणजे उतारावर वर-खाली वाहणारी हवा, जास्त दगा देतात, सकाळी ऊन पडलं की उतारावरची हवा तापून वर चढते, संध्याकाळी गार होऊन दरीत उतरते, म्हणून सकाळी हरणाच्या वरच्या अंगाने जायचं आणि संध्याकाळी खालून. रायफलवाल्यांचं लांबून भागतं हो, बाणाला २०-३० यार्डांत जावं लागतं!

मिल्कवीड या रानटी झाडाच्या शेंगेतला कापूस खिशात ठेवा, वारा बघायच्या पावडरच्या बाटलीपेक्षा खूपच भारी, एक पुंजका सोडला की हवा पुढे कुठे वळतेय ते लांबपर्यंत दिसतं. आणि घाम टाळायला जाड जाकीट घालून चढू नका, पाठीला बांधून न्या, वर पोचल्यावर घाला.