सर्वात मोठा डायनासोर: महाकाय, अजस्र की अवाढव्य?

प्रश्न: अर्जेंटिनोसॉरसवर लेख लिहिते आहे. त्याला 'पृथ्वीवरचा सर्वात मोठा प्राणी' म्हणता येईल का? आणि महाकाय, अजस्र, अवाढव्य यांपैकी कोणतं विशेषण नेमकं बसेल?

उत्तर: 'जमिनीवरचा' हा शब्द घालाच. निळा देवमासा त्याच्याहून कितीतरी जड भरतो, आणि तो आजही हयात आहे.

उत्तर: मला 'मोठा' हाच शब्द अपुरा वाटतो. डिप्लोडोकस सुमारे २५ मीटर लांब, पण त्यातली बरीचशी लांबी मान आणि चाबकासारख्या निमुळत्या शेपटीची. जिराफाटायटन त्याच्याहून आखूड, तरी वजनाला दुपटीहून जास्त. बर्लिनच्या संग्रहालयात त्याचा सांगाडा उभा आहे, उंची १३ मीटरच्या आसपास. मग या दोघांत मोठा कोण? 'सर्वात लांब', 'सर्वात उंच', 'सर्वात वजनदार' असं स्पष्ट लिहिलेलं बरं.

आता विशेषणं. महाकाय म्हणजे ज्याची काया मोठी तो. सजीवाला चपखल, वजनाबद्दल बोलताना मी हाच वापरेन. अजस्र मूळ संस्कृतात 'अखंड, सतत' या अर्थाचा. मराठीत तो 'प्रचंड' झाला आणि आता तोच अर्थ रूढ आहे, त्यामुळे वापरायला हरकत नाही. अवाढव्य मात्र टाळावा. त्यात बेढबपणाची, न आवरणाऱ्या पसाऱ्याची छटा आहे आणि सॉरोपॉड, म्हणजे लांब मानेचे हे शाकाहारी डायनासोर, तसे नव्हते. त्यांच्या मणक्यांत हवेच्या पोकळ्या होत्या, म्हणून एवढी लांब मान पेलता यायची. पाय सरड्यासारखे बाजूला फाकलेले नव्हते, खांबांसारखे सरळ शरीराखाली होते. याच कारणाने डायनासोरसाठीचा 'भीमसरट' (सरट म्हणजे सरडा) हा प्रतिशब्दही मला खटकतो, ऐकायला कितीही भारदस्त असला तरी.

उत्तर: बृहत्कायोसॉरस राहिला! तमिळनाडूत सापडलेला, १९८०च्या दशकात वर्णन झालेला. नावातच आपला 'बृहत्काय' आहे. मूळ हाडं ठिसूळ होती, ती टिकली नाहीत, म्हणून त्याच्या आकाराबद्दल लिहिताना 'कदाचित' हवं.

प्रश्नकर्ती: आभार. मग असं लिहिते: 'जमिनीवर वावरलेल्या सर्वात वजनदार प्राण्यांपैकी एक, महाकाय अर्जेंटिनोसॉरस.'

उत्तर: छान. 'पैकी एक' काढू नका. २०१७ साली नाव मिळालेला पॅटागोटायटनही त्याच्या तोडीचा आहे, आणि दोघांचेही पूर्ण सांगाडे मिळालेले नाहीत.