मदत हवी आहे: कौलावर साल १८६५, मग घर नेमकं केव्हाचं?

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे. रीपा (कौलं टेकतात त्या वाशांवरच्या आडव्या पट्ट्या) वाळवीने खाल्ल्या म्हणून यंदा पावसाआधी ओटीवरची आणि माजघरावरची सगळी कौलं उतरवली आहेत. एका कौलाचं पोट घासलं तर 'बासेल मिशन टाइल वर्क्स' आणि खाली '१८६५' अशी ठसठशीत अक्षरं निघाली. घरात सगळ्यांना आनंद झाला. चुलत भाऊ तर दारावर १८६५ ची पाटी लावायला निघालाय.

मला ते पटत नाही. बासेल मिशन ही स्वित्झर्लंडची ख्रिस्ती मिशनरी संस्था. मंगळूरला जेप्पू इथे गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी मिशनचा कौलांचा कारखाना सुरू केला, ते हे साल. पुढेही ते कौलांवर उमटत राहिलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे कौल बहुधा त्याआधी भाजलेलं, एवढंच ठसा सांगतो. शिवाय एका घरावरची कौलं उतरवून दुसऱ्यावर चढवायची रीत आपल्याकडे आहेच. आजी सांगायची की आमची कौलं गलबतातून बंदरात उतरली आणि तिथून डोक्यावरून वाडीत आली. पण कोणत्या वर्षी, ते कुणी विचारलंच नाही.

खरी गोष्ट वाशांवर दिसली. मंगळुरी कौलांच्या रीपांचे खिळे साधारण फुटाफुटावर आहेत. पण त्याच वाशांवर, वीतभर अंतराने, दोरी घासून पडलेल्या खाचा आहेत. बोट फिरवलं की गुळगुळीत लागतात. आमचे सुतारकाका हात लावूनच म्हणाले, "हो वासो कौलांच्या आधीचो आसा." म्हणजे आधी वर गवत किंवा झापं असावीत, सुंभाने बांधलेली. मागच्या पडवीवर अजून हाताने थापलेले नळे (अर्धगोल गावठी कौलं) आहेत, त्यामुळे मधला टप्पा नळ्यांचाही असू शकेल.

आणखी एक. ओटीवरचे चार वासे काजळीने काळेकुट्ट आहेत, पण त्यांच्यावरच्या रीपा आणि कौलांची पोटं स्वच्छ. ओटीवर चूल कुणाच्याच आठवणीत नाही. मग आजची ओटी हे कधीकाळी स्वयंपाकघर होतं का? हा विचार आल्यापासून मला झोप लागत नाहीये. कोण बसत असेल त्या चुलीपाशी?

जाणकारांनी कृपया सांगावं:

गवताच्या बांधणीच्या आणि नळ्यांखालच्या कामट्यांच्या (बांबूच्या पट्ट्यांच्या) खुणा वेगळ्या कशा ओळखायच्या? नळ्यांना वासे जवळजवळ लागतात असं ऐकलंय, आमचे दीड-दीड फुटांवर आहेत.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) घराचं वर्णन असतं. त्याच्याही आधीच्या घरपट्टीच्या नोंदीत 'केंबळी' (गवताने शाकारलेलं) की 'कौलारू' असं लिहिलेलं कुणाला सापडलंय का? कुठे मागायचं?

ठशाची बारा कौलं धड आहेत. शेवाळ काढताना अक्षरं झिजू नयेत म्हणून काय वापरावं? मी फक्त पाणी आणि काथ्याचा कुंचा वापरलाय.

काका परवा नवीन रीपा मारायला येतील. काजळीचे वासे रंधून, तेल लावून 'नवे करून देतो' म्हणतायत. त्यांना दोन दिवस थांबवलंय. त्याआधी कशाकशाचे फोटो काढून मापं घ्यावीत, तेवढं तरी लवकर कळवा.