हेटेरोनेरीस मरते की अर्धीच तुटते?

तिरका_खेकडा: बीएस्सी झूलॉजी, परवा व्हायवा आहे. नेरीसचं (समुद्रातला वलयांचा किडा) बाकी सगळं झालंय पण हेटेरोनेरीसवर, म्हणजे त्याच्या प्रजननाच्या वेळच्या रूपावर, गाडी अडलीय. एका नोट्समध्ये म्हणे प्रजनन झालं की प्राणी मरतो, दुसऱ्यात म्हणे मागचा भाग तुटून पोहत जातो आणि पुढचा जिवंत राहतो. खरं काय? आणि ट्रोकोफोरला, म्हणजे त्याच्या अळीला, सेगमेंट नसतातच, मग पुढे एवढी वलयं येतात कुठून?

भरती_ओहोटी: नोट्सवाल्याने दोन प्राण्यांची खिचडी केलीय. तुटतो तो पॅलोलो नावाचा दुसरा समुद्री किडा, तिकडे पॅसिफिकमध्ये सामोआ वगैरे बेटांवर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वद्य अष्टमीच्या आसपास त्याचा अंडी-शुक्राणूंनी भरलेला मागचा भाग सुटून वर येतो, लोक जाळ्या घेऊन रात्रीच पाण्यात उतरतात आणि चक्क तळून खातात. पुढचा भाग खाली प्रवाळाच्या बिळात सुखरूप, मागचा भाग परत वाढवतो. नेरीसचं तसं नाही, तिथे अख्खा प्राणीच बदलतो, डोळे मोठे होतात, मागचे पॅरापोडिया (बाजूचे पाय) वल्ह्यासारखे पसरट होतात, आतडं आक्रसतं म्हणजे खाणं बंद. मग वर येऊन नर मादीभोवती गरागरा फिरतात, अंडी-शुक्राणू पाण्यात सोडतात आणि दोघंही संपतात.

गाळातला_माणूस: वलयांचं मी सांगतो. नेरीसचा भाऊबंद प्लॅटिनेरीस ड्युमेरिली घे, युरोपातल्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं पाळतात. (यांचं प्रजनन चंद्राच्या तालावर चालतं, म्हणून महिन्यातले काही दिवस रात्रभर मंद दिवा लावून ठेवायचा, तोच त्यांचा चंद्र!) १८ अंशाला साधारण २४ तासांत ट्रोकोफोर तयार, भोवऱ्यासारखा, मध्यावर सिलियांचा (हलणाऱ्या बारीक लवीचा) पट्टा, गिरक्या घेत उजेडाकडे जातो. त्याचा डोळा म्हणजे फक्त दोन पेशी, एक उजेड टिपणारी, दुसरी रंगद्रव्याची. ३ दिवसांत केस असलेले ३ सेगमेंट दिसतात, ते जवळपास एकदमच बनतात, तोवर जेवण म्हणजे अंड्यातला बलक. पुढची वलयं मात्र शेपटीच्या टोकाच्या जरा अलीकडे वाढीचा पट्टा असतो तिथून एकेक करून येतात, म्हणजे सगळ्यात नवं वलय कायम मागे. व्हायवाला हे हमखास विचारतात.

तिरका_खेकडा: बाप रे, आता डोक्यात बसलं. पण स्लाइडवर ओळखायची कशी?

भरती_ओहोटी: मधूनच पाय बदललेले दिसले की हेटेरोनेरीस. पुढचे साधे, मागचे पंख्यासारखे. पूर्वी तर हिला वेगळा प्राणी समजून वेगळं नाव देऊन बसले होते, तेव्हा तुझा गोंधळ झाला तर काही बिघडत नाही.