मदत हवी: मॅक्रो लेन्समध्ये बुरशी, कणकुंबीच्या पावसात टिकवायची कशी?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा. पावसाळ्यात दर शनिवारी कणकुंबीला मामाकडे पळतो. मलप्रभेच्या उगमाचं गाव ते, तिथं जूनमध्ये वाळत घातलेली गोधडी गणपतीला वाळते. (थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.)

परसातल्या विहिरीवर एक फांदी वाकलीय, तिथं मलबारी उडते बेडूक जमतात. हिरवेगार, बोटांमधले पडदे लालभडक. मादी पानांवर फेस घोटून त्यात अंडी घालते आणि पुढं पिल्लं तिथून थेट पाण्यात पडतात. गेल्या शनिवारी एकाच रात्री तीन घरटी सापडली! मॅक्रो (अगदी जवळून बारीकसारीक टिपणारी लेन्स) आणि फ्लॅश लावून फोटो काढले. मनासारखं झालं म्हणून झोपलो.

सकाळी लॅपटॉपवर बघतो तर सगळ्या फोटोंवर साय धरल्यासारखी. काळोख राखाडी, बेडकाच्या डोळ्याभोवती धूसर वलय. आधी वाटलं, बाष्प असणार. येताना समोरची काच धुरकटू नये म्हणून एसी लावतो, त्यात बॅग गार होते आणि उतरल्या उतरल्या कॅमेरा काढला की लेन्स धुकटते. पण ते पंधरा-वीस मिनिटांत जातं. हे गेलं नाही. शेवटी लेन्स काढून मागून मोबाईलची टॉर्च मारली. आत कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू.

चूक माझीच. वर्षभर ती आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून लाकडी कपाटात ठेवली होती. दुकानवाला म्हणतो, टाकून द्या. कुणी सांगतं उन्हात ठेव, कुणी तांदळात पुर. साफ करून उपयोग होतो का? बाकीच्या लेन्सनाही लागेल का? आणि "कोरड्या जागी ठेवा" एवढंच कृपया सांगू नका, इथं जुलैत पापडसुद्धा कोरडे राहत नाहीत.

जांबोटीकर: टाकू नका ओ. कडेलाच असेल तर चांगला कारागीर उघडून पुसून देतो. मात्र बुरशीनं काचेवरचं कोटिंग (पातळ लेप) खाल्लं असेल तर तो डाग जन्माचा. उन्हानं ती वाढायची थांबेलही, पण जाळं जागेवरच राहतं. तांदळाची पूड आत गेली तर नवीनच दुखणं. दुसऱ्या लेन्स आत्ताच वेगळ्या करा. घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, त्यात सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत पाहिजे. साठीच्या वर बुरशीला रान मोकळं, फार खाली गेलं तर आतलं वंगण सुकतं.

रानवाट: एसीचं म्हणाल तर पोचायच्या अर्धा तास आधी बंद करा, किंवा कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद ठेवून उतरवा, बाष्प पिशवीवर धरेल, काचेवर नाही. फ्लॅश लेन्सच्या तोंडावर तिरका येऊ देऊ नका. आत बुरशी असली की तोच उजेड सगळीकडे पसरतो. डिफ्युझर (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा) लावा, ओल्या कातडीवरचे पांढरे ठिपकेही कमी होतील. आणि फोटोसाठी घरट्याची पानं वाकवू नका, फेस पाण्यावरून सरकला तर पिल्लं जमिनीवर पडतात.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. पानांना हात लावला नव्हता, पण फांदी एकदा बाजूला केली होती, तीही आता करणार नाही. लेन्स साफ करायला दिली. कडेला एक डाग राहील म्हणाले, चालेल. डबा केलाय, पण शनिवारी घातलेले सिलिकाचे निळे खडे सोमवारी ओल पिऊन गुलाबी! तव्यावर भाजून परत वापरता येतात ना?

जांबोटीकर: येतात, पण स्वयंपाकाचा तवा नको. निळ्या खड्यांत कोबाल्ट असतं, ते विषारी. पुढच्या वेळी केशरी आणा. आणि डबा सारखा उघडून बघू नका.

धागाकर्ता: तवा मागितला होता. आईनं आधीच हाकलून लावलंय.