शेजारच्या घरातला वास: आधी आपल्या फटी बुजवाव्यात की आधी तक्रार करावी?

फटशोधक (धागाकर्ता)

तळणीचा, सिगारेटचा, पाळीव प्राण्यांचा वास घरात शिरला की बहुतेक जण थेट शेजाऱ्याच्या दारावर जातात. माझं मत उलट आहे. वास हवेबरोबर येतो, आणि ती हवा पुष्कळदा आपणच ओढून घेत असतो.

हिशेब करा. स्वयंपाकघरातल्या चिमणीवर ताशी १००० घनमीटर हवा ओढते असं लिहिलेलं असतं. ६० चौरस मीटरच्या, २.७ मीटर उंच घरात हवा असते साधारण १६० घनमीटर. म्हणजे कागदोपत्री तासाला सहा वेळा घर रिकामं. खिडक्या बंद असतील तर पंखा तेवढी हवा टाकू शकत नाही, पण घरातला दाब उतरतो आणि मिळेल त्या वाटेने हवा आत येते. दाराखाली १० मिमीची फट आणि दार ९० सेंमी रुंद, तर ती झाली ९० चौरस सेंटिमीटरची उघडी वाट, थेट जिन्यातून. सिंकखाली ७५ मिमीच्या भोकातून ४० मिमीचा पाइप गेलेला असेल तर आणखी ३० चौरस सेंटिमीटर.

शोधायचं कसं? खिडक्या-दारं बंद करा, चिमणी आणि बाथरूमचे एक्झॉस्ट पूर्ण वेगाने चालवा (गॅस आणि गीझर बंद ठेवून) आणि पेटती उदबत्ती प्रत्येक फटीपाशी धरा. धूर खोलीच्या आत ढकलला गेला की तिथून हवा येतेय. स्विचबोर्ड, सिंकखालची कपाटं, नहाणीची जाळी, डक्टकडची (इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीकडची) खिडकी आणि मुख्य दाराच्या चारही कडा तपासा.

६ मिमीपर्यंतच्या फटीला अ‍ॅक्रिलिक किंवा सिलिकॉन सीलंट पुरतं. त्याहून मोठी असेल तर आधी फोमची गोल दोरी दाबून बसवा आणि वरून सीलंट भरा, नाहीतर ते आत ओघळतं आणि वाळताना कडेपासून सुटतं. दाराला खाली ब्रशची किंवा रबराची पट्टी, चौकटीला ईपीडीएम (दारं-खिडक्यांच्या पट्ट्यांचं टिकाऊ) रबर. एवढं करून वास राहिला तर खुशाल तक्रार करा.

मोकळा_श्वास

तळणीपुरतं ठीक आहे, पण सिगारेटला हे लागू करू नका. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय की धूम्रपान करणाऱ्यांना वेगळं बसवून, हवा शुद्ध करून किंवा वायुवीजन वाढवून इतरांचा धुराशी येणारा संपर्क पूर्णपणे थांबत नाही. म्हणजे धूर जिथून निघतो तिथेच थांबवायला हवा. ज्याच्या घरात दम्याचं मूल आहे त्याला आधी रबराच्या पट्ट्या लावायला सांगणं हा अन्याय आहे. त्रास देणारा निवांत आणि खर्च सोसणाऱ्याच्या माथी.

एअर प्युरिफायरवरही भिस्त ठेवू नका. हेपा फिल्टर कण अडवतो, वायू नाही. वास म्हणजे मुख्यतः वायू, त्यासाठी सक्रिय कोळसा लागतो. स्वस्त यंत्रात कोळशाची नुसती पातळ जाळी असते, ती लवकर भरते. ओझोन सोडणारी यंत्रं तर घरात आणूच नका, ओझोन फुप्फुसांना घातक आहे.

पाइप_आणि_ट्रॅप

दोघंही शेजाऱ्याला धरून बसलात. बाथरूममध्ये येणारा 'शेजारचा' वास पुष्कळदा सामायिक ड्रेनेज पाइपातला असतो. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यात, साधारण ५० मिमी पाणी उभं असतं, तेच वास अडवतं. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये ते आटतं आणि वरच्या-खालच्या सगळ्या घरांशी तुमची हवा जोडली जाते. एक बादली पाणी ओता. घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर त्यावर चार चमचे खाद्यतेल सोडा, पाणी सावकाश आटेल.

पाणी ओतूनही दोन-तीन दिवसांत वास परत आला तर ट्रॅप गळतोय, किंवा वरच्या मजल्यावर फ्लश केला की तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातंय. वर फ्लश होताच खाली गुडगुड आवाज येतो का ते ऐका. येत असेल तर व्हेंट पाइप (ड्रेनेजमध्ये बाहेरची हवा येऊ देणारा) नाहीये किंवा तुंबलाय. ते काम इमारतीचं, एका घराचं नाही.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते सिंकच्या वेस्ट पाइपकडे. वळ्यांचा प्लॅस्टिक पाइप भिंतीतल्या पाइपात नुसता खोचलेला असतो, भोवती बोटभर मोकळी जागा. त्या जोडाला रबरी रिंग हवी आणि सिंकखाली बॉटल ट्रॅप (बाटलीसारखा, तळाशी पाणी धरून वास अडवणारा) हवा. वॉशिंग मशीनच्या पाइपाचंही तेच. जाळीखाली बसवायचे एकमार्गी सिलिकॉन व्हॉल्व्ह चालतात, पण केस अडकला की पाकळ्या उघड्याच राहतात. दर महिन्याला धुवायला लागतात.

मोकळा_श्वास

हे मान्य. पण मग हीसुद्धा तक्रारच झाली ना? फक्त शेजाऱ्याऐवजी व्यवस्थापनाकडे.

ज्वाला_निळी

फटशोधक, तुमच्या सल्ल्यात एक धोका आहे. घरात गॅस गीझर असेल आणि तुम्ही सगळं हवाबंद केलंत तर चिमणी गीझरचा धूर उलटा खेचू शकते. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अशा घरात हवा यायची कायमची जाळी बुजवायची नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायचा. शिवाय मजल्यामजल्यांतल्या पाइपांची भोकं साध्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमने भरू नका, तो पेटतो. तिथे आगरोधक सीलंटच हवं.

फटशोधक

धोका खरा आहे, म्हणूनच हवा कुठून यावी हे आपण ठरवायचं. चिमणी चालू असताना स्वच्छ बाजूची खिडकी सुमारे ०.३ चौरस मीटर उघडी ठेवा, म्हणजे मीटरभर उंच खिडकी ३० सेंमी सरकवा. मग फटींवरचा ओढा जवळजवळ संपतो. मोकळा_श्वास, सिगारेटबाबत तुमचं म्हणणं पटतं, पण जिन्याकडचं दार घट्ट केल्याने त्रास आजच कमी होतो. तक्रारीचा निकाल कधी लागेल कोण जाणे.

मोकळा_श्वास

मग दोन्ही एकदम सुरू करा, आधी-नंतर नको. तक्रारीत 'नेहमी वास येतो' असं लिहून काही होत नाही. तारीख, वेळ, कुठली खोली, पंखे चालू की बंद, खिडकी कुठली उघडी, हे आठवडाभर टिपा. सामायिक डक्ट असेल तर प्रत्येक घराच्या एक्झॉस्टला उलटी हवा अडवणारी झडप लावायची लेखी मागणी करा. झडप बसल्यावर पंखा बंद करून तिच्याखाली टिश्यूचा तुकडा धरा. तो हलला तर झडप तेलकट होऊन अर्धवट उघडी राहिलीय किंवा उलटी बसवलीय.